सशस्त्र सेना ध्वजदिन

सशस्त्र सेना ध्वजदिन हा सैनिक व त्यांच्या कुटुंबीयांच्या कल्याणासाठी निधी उभारण्याचा दिवस असून तो १९४९ पासून भारतभर ७ डिसेंबर रोजी पाळला जातो. देणगीदारांना लाल, गडद निळा व फिकट निळा या रंगांचे छोटे ध्वज दिले जातात. हे रंग अनुक्रमे भूदल, नौदल व हवाई दलाचे निदर्शक आहेत. सैन्य तरुण राहावे यासाठी बहुतेक सैनिकांना ३५ ते ४० वर्षे वयातच निवृत्त केले जाते. त्यामुळे मुलांच्या शिक्षणाचा भार असतानाच त्यांचे वेतन थांबते. वीरपत्नी, अपंगत्व आलेले सैनिक आणि गरजू माजी सैनिक यांना या निधीतून साहाय्य मिळते. महाराष्ट्रात निधीसंकलन जिल्हानिहाय होते. जालना जिल्ह्यात त्याचे काम जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय पाहते.