'मगारी' आणि इंग्रजी अनुवादक

इटालियन माणसाच्या नित्याच्या बोलण्यात 'मगारी' हा शब्द वारंवार येतो. इटालियन-इंग्रजी कोशांत त्यापुढे 'मेबी' आणि 'इफ ओन्ली' असे दोन्ही पर्याय आढळतात. पहिल्यात शंका आहे, दुसऱ्यात उत्कंठा. यांतील कोणता केव्हा घ्यावयाचा, हा प्रस्तुत टिपणाचा विषय होय.

वाक्य पूर्ण असेल तर क्रियापदच निवाडा करते. 'मगारी व्येने दोमानी' यात क्रियापद स्वार्थी आहे. म्हणून 'कदाचित तो उद्या येईल'. 'मगारी वेनिस्से दोमानी' यात तेच क्रियापद 'कोन्जुन्तीवो' या अर्थाच्या भूतकाळी रूपात येते (आपल्या संकेतार्थाशी त्याचे काहीसे साम्य आहे). म्हणून 'तो उद्या आला तर किती बरे होईल!'

खरी अडचण हा शब्द एकटा येतो तेव्हा उद्भवते. 'आमच्याबरोबर समुद्रावर येतोस का?' या प्रश्नास 'मगारी!' असे उत्तर मिळते. येथे क्रियापद नाही. बोलणाऱ्याचा स्वर अर्थ सांगतो, पण तो कागदावर उतरत नाही. अनुवादकाने 'मेबी' लिहिले की आतुर माणूस एकाएकी अनुत्सुक ठरतो. बरे, उत्कंठाच व्यक्त करावयाची म्हटले तर 'आय विश आय कुड' म्हणजे येणे शक्य नाही, आणि 'आय'ड लव्ह टु' म्हणजे बहुधा येणार. मूळ शब्द याविषयी काहीच सांगत नाही. तो केवळ इच्छा बोलून दाखवितो. इंग्रजी मात्र येणार की नाही हे आधीच वदवून घेते. यास्तव तो माणूस पुढे समुद्रावर गेला की नाही, हे पाहिल्याविना या एका शब्दाचा अनुवाद करू नये, असे माझे मत आहे. मराठीत 'आमचे कुठले एवढे भाग्य!' हे त्याच्या पुष्कळच जवळ जाते; आणि 'मगारी'चे मूळ 'भाग्यवान' या अर्थाच्या ग्रीक शब्दात आहे, हा योगायोग मोठा मौजेचा.

'प्रेगो'ची गोष्ट उलट. आभारास उत्तर देताना, दुसऱ्यास दारातून पुढे जाऊ देताना, गिऱ्हाइकास काय हवे ते विचारताना, सर्वत्र 'प्रेगो'. इंग्रजी पर्याय दर वेळी निराळा. तथापि प्रसंग समोर स्पष्ट असल्याने अनुवादक सहसा चुकत नाही. अर्थांची संख्या ही अडचणीची खूण नव्हे.

विने आणि दार्बेलने यांनी १९५८ च्या आपल्या ग्रंथात 'समतुल्यता' ही रीत सांगितली आहे: प्रसंग तोच, शब्द सर्वस्वी निराळे. परीक्षेस निघालेल्यास इटालियन लोक 'इन बोक्का अल लूपो', म्हणजे 'लांडग्याच्या तोंडात', असे म्हणतात. 'गुड लक' हा त्याचा निर्दोष समतुल्य पर्याय. परंतु त्यास परंपरेने द्यावयाचे उत्तर 'क्रेपि', म्हणजे 'मरो तो', असे आहे. आभार मानणे अशुभ समजतात. 'गुड लक' म्हटल्यावर लांडगा नाहीसा होतो, आणि मग मरावयाचे कोणी? अनुवादक तेथे 'थँक यू' लिहितो, म्हणजे मुळात जे टाळावयाचे तेच पात्राच्या तोंडी घालतो.