‘शून्यलब्धी’चा शोध : मराठीतील आद्य कलनग्रंथ

प्रस्तुत लेखात मराठीतील आद्य कलनग्रंथांचा शोध कसा घ्यावा, याचा विचार केला आहे. बाळशास्त्री जांभेकर (१८१२-१८४६) यांनी या विषयावर ‘शून्यलब्धिगणित’ हा ग्रंथ रचला. ‘लब्धी’ म्हणजे भागाकाराचे फळ. शून्याकडे जाणाऱ्या राशींच्या गुणोत्तराचा बोध या नावातून होतो. ग्रंथालयीन सूचीत केवळ ‘कलन’ हा आजचा शब्द शोधणाऱ्या अभ्यासकाच्या दृष्टीतून असा ग्रंथ निसटतो आणि मराठीत ही परंपराच नव्हती, असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

म्हणून प्रथम शं. ग. दाते यांच्या ‘मराठी ग्रंथसूची’तील (१८००-१९३७) गणितविषयक नोंदी पाहाव्यात. त्या ब्लूमहार्ट यांच्या ब्रिटिश म्युझियममधील मराठी ग्रंथांच्या १८९२ च्या सूचीशी ताडाव्यात. ग्रंथकार ‘जांभेकर’, ‘बाळशास्त्री’ व ‘बाळ गंगाधर शास्त्री’ या तिन्ही रूपांत शोधावा.

कोल्हापुरातील अभ्यासकांनी १८५० साली स्थापन झालेल्या करवीर नगर वाचन मंदिरापासून आरंभ करावा. जुनी गणित-पुस्तके प्रत्यक्ष चाळावीत; जीर्ण प्रत आढळल्यास मुखपृष्ठावरील तपशील नोंदवून तिची छायाप्रत करून घ्यावी. प्रत नष्ट झाल्यास ग्रंथाबरोबर त्यातील मराठी परिभाषाही लुप्त होते.