अलिबागचं सिनेगॉग: इस्रायल आळीतली ‘मशीद’



अलिबागला गेलेले आपले बहुतेक सभासद कुलाबा किल्ला बघतात, बाजारात मासळीचा भाव विचारतात आणि परत फिरतात. गावातच इस्रायल आळीत ज्यू लोकांचं प्रार्थनास्थळ, म्हणजे सिनेगॉग आहे, तिकडे फारसं कोणी वळत नाही. नाव ‘मागेन आबोथ’, अर्थ ‘पूर्वजांची ढाल’. १८४८ साली उभारलं, १९१० मध्ये नव्याने बांधलं. बांधणारे बेने इस्रायल, घरात मराठी बोलणारे. आडनावं किहीमकर, नवगावकर, पेणकर, रोहेकर, म्हणजे सगळी कोकणातल्या गावांची. सिनेगॉगला ते ‘मशीद’च म्हणायचे.

या लोकांची गोष्ट सुरू होते फुटलेल्या गलबतापासून. त्यांच्या परंपरेप्रमाणे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी नवगावच्या समोर त्यांच्या पूर्वजांचं जहाज बुडालं. सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. बाकीच्यांची प्रेतं किनाऱ्याला लागली, ती नवगावलाच पुरली. त्या जागी आज स्मारक आहे. खांदेरी-उंदेरीकडचे खडक ज्यांना माहीत आहेत त्यांना ही गोष्ट खोटी वाटणार नाही.

पोथ्या पाण्यात गेल्या. वाचलेल्यांनी तेलाचा घाणा धरला. शनिवारी मात्र घाणा बंद, चूलसुद्धा पेटायची नाही. म्हणून गावकरी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणू लागले. शनिवार का पाळायचा हे त्यांना नीट सांगता येत नव्हतं, पण पाळायचे.

आता आपल्या धंद्याची गोष्ट. पुढे केव्हातरी दाविद रहाबी नावाचा ज्यू गृहस्थ कोकणात आला. हे लोक खरेच आपले का, अशी त्याला शंका होती. त्याने बायकांपुढे मिसळीची मासळी ठेवली आणि रांधायला सांगितलं. बायकांनी पर आणि खवले असलेले मासे तेवढे उचलले, बाकीचे बाजूला सारले. म्हणाल्या, हे आमच्यात चालत नाहीत. ज्यू धर्माचा नियम नेमका तोच आहे! बांगडा, तारली, रावस चालतात. मोरी, शिंगाळा, सुंगटं, कुर्ल्या, तिसऱ्या चालत नाहीत. रहाबीची खात्री पटली, आणि त्याने त्यांना धर्म शिकवला. पोथी बुडाली तरी मासळीच्या टोपलीतून ओळख पटली. मला तरी ही कथा फार आवडते.

तरी सिनेगॉग बांधायला बराच काळ गेला. पहिलं मुंबईत मांडवीला, १७९६ साली, सामाजी दिवेकर यांनी बांधलं. ते इंग्रजांच्या फौजेत होते, टिपू सुलतानच्या कैदेतून सुटून आले होते. मग कोकणात ठिकठिकाणी बांधली गेली, अलिबाग त्यातलंच.

आतली मांडणी समजून घेतली तर बघायला मजा येते. मूर्ती नाही, चित्र नाही. युरोपातल्या सिनेगॉगचं तोंड पूर्वेला असतं, आपल्याकडे पश्चिमेला, कारण यरुशलेम आपल्या पश्चिमेला. म्हणजे अलिबागला प्रार्थना करणारा समुद्राकडे तोंड करून उभा राहतो. त्या भिंतीतल्या कपाटाला ‘हेखाल’ म्हणतात. त्यात चामड्यावर हाताने लिहिलेल्या तोऱ्याच्या गुंडाळ्या, आणि पुढे अखंड दिवा. मध्यभागी कठडा असलेलं लाकडी व्यासपीठ, त्यावरून वाचन चालतं आणि लोक भोवती बसतात. कोकणातल्या सिनेगॉगांत एक खुर्ची एलियाहू पैगंबरासाठी राखलेली असते, मुलाची सुंता होते तेव्हा ती लागते. या एलियाहूवर बेने इस्रायलांची फार श्रद्धा. नवस फेडायला ‘मलिदा’ करतात, गोड पोहे, खोबरं, फळं. आपल्या नवसासारखंच की नाही?

कोणी विचारेल, मग आपल्या गोव्यात सिनेगॉग का नाही? पणजीच्या बागेला ज्यांचं नाव आहे ते वैद्य गार्सिया द ओर्ता ज्यू वंशाचे. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन बसलं. १५६८ साली तिकडे कोचीनला परदेशी सिनेगॉग उभं राहिलं, त्याच साली ओर्ता इथे वारले, आणि १५८० मध्ये त्यांच्या अस्थी उकरून जाळल्या. अशा ठिकाणी सिनेगॉग कोण बांधणार? अलिबागजवळचं रेवदंडाही १७४० पर्यंत पोर्तुगीजांकडेच होतं.

अलिबागला तसा त्रास झाला नाही. तिथून माणसं गेली ती आपणहून. १९४८ साली इस्रायल झालं आणि कुटुंबंच्या कुटुंबं तिकडे निघाली. तिथेही ‘मायबोली’ नावाचं मराठी त्रैमासिक काढलं! मागे उरलेल्यांची अडचण वेगळी. सामूहिक प्रार्थनेला दहा प्रौढ पुरुष लागतात. नऊ जमले तर काही प्रार्थना म्हणताच येत नाहीत. भिंतीला रंग देता येतो, पण दहावा माणूस कुठून आणणार? महाराष्ट्र सरकारने २०१६ मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला, त्याने कागदपत्रं सोपी झाली, एवढंच.

अलिबागला जाणार असाल तर शनिवार टाळा, तो त्यांच्या विश्रांतीचा दिवस. शुक्रवारी दिवस मावळला की तो सुरू होतो, तेव्हा संध्याकाळीही नको. आत जाण्याआधी विचारा, डोकं झाका, फोटोची परवानगी घ्या. नवगाव थळच्या पुढे आणि किहीमच्या अलीकडे, स्मारक कुठे म्हणून विचारलं तर गावातलं कोणीही दाखवेल.

– सचिव