पाटी विद्यार्थ्याची, किल्ली कोणाची?

प्रवेश परीक्षांच्या तयारीसाठी नांदेड आणि लातूर या दोन शहरांची वाट आज सारा मराठवाडा धरतो. राजर्षी शाहू महाविद्यालयासारख्या संस्थांतून आकारास आलेला 'लातूर पॅटर्न' कागद, लेखणी आणि अखंड सराव यांच्या बळावर उभा राहिला. त्या साधनांत आता टॅबलेटची भर पडली आहे. राज्याची सीईटी आणि जेईई मेन या परीक्षा २०१९ पासून पूर्णतः संगणकावर होऊ लागल्या. २०२० च्या टाळेबंदीत तर वर्गच पडद्यावर आला. राज्य शासनाची महाज्योती ही संस्था इतर मागासवर्गीय, भटक्या-विमुक्त व विशेष मागास प्रवर्गातील विद्यार्थ्यांना या तयारीसाठी टॅबलेट व इंटरनेट डेटा देत आली आहे. ही योजना स्वागतार्ह आहे, यात शंका नाही.

तथापि कोणता टॅबलेट चांगला, या प्रश्नाची चर्चा बहुधा पडदा, बॅटरी आणि किंमत यांपाशीच थांबते. वस्तुतः खरी स्पर्धा यंत्रांची नसून त्यांच्या आतील प्रणालींची आहे. २०१० साली आयपॅड आणणाऱ्या ॲपलने यंत्र आणि प्रणाली दोन्ही आपल्याच हाती ठेवली. त्यामुळे शिस्त आली आणि किंमतही चढली. गूगलच्या अँड्रॉइडचा मार्ग वेगळा. ती अनेक उत्पादकांनी घेतली, आपापल्या परीने बदलली, आणि टॅबलेट सामान्य कुटुंबाच्या आवाक्यात आला. मात्र सुधारणा पुरविण्याची जबाबदारी उत्पादकांच्या मर्जीवर राहिली, आणि स्वस्त यंत्रांच्या वाट्याला पुष्कळदा उपेक्षाच आली.

महाग यंत्र घेतले म्हणजे चिंता मिटली, असेही नाही. २०१४ च्या आयपॅड एअर २ ला २०२१ ची नवी आवृत्ती मिळाली. परंतु २०१० च्या पहिल्या आयपॅडला २०१२ ची आवृत्ती नाकारली गेली होती. एचपीचा टचपॅड तर जुलै २०११ मध्ये बाजारात आला आणि पुढच्याच महिन्यात कंपनीने तो बंद केल्याचे जाहीर केले. यंत्र वाईट नव्हते; प्रणालीचा वालीच उरला नाही.

आपल्याकडचा धडा 'आकाश'चा. ऑक्टोबर २०११ मध्ये केंद्र शासनाने मोठ्या अपेक्षेने हा स्वस्त टॅबलेट पुढे केला. परंतु मंद प्रक्रियक, दाबल्याशिवाय न उमटणारा पडदा आणि अँड्रॉइडची जुनी आवृत्ती यांमुळे तो विद्यार्थ्यांच्या हाती टिकला नाही. भाषेचीही तीच कथा. अँड्रॉइडच्या मूळ मांडणीत मराठी आली ती २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत.

म्हणून खरेदी पालक करो वा शासन, काही प्रश्न आधी विचारले गेलेच पाहिजेत. सुरक्षा-सुधारणा किती वर्षे मिळणार? पडदा फुटल्यास दुरुस्ती नांदेड-लातुरात होईल की यंत्र पुण्याला पाठवावे लागेल? संपर्क तुटला तरी धडे वाचता येतील काय? विद्यार्थ्याने दोन वर्षे काढलेली टिपणे दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावर नेता येतील काय? शासकीय निविदांत या अटी असाव्यात आणि त्यांची उत्तरे विद्यार्थ्यांना मराठीत छापून मिळावीत. अभ्यास-साहित्य कोणत्याही प्रणालीवर उघडेल अशा स्वरूपात असावे, ही तर किमान अपेक्षा होय.

शहरातील सधन घराला यंत्र बदलणे जड जात नाही. किनवट वा देवणीच्या शेतमजुराच्या मुलीला मात्र मिळालेला टॅबलेट हा बहुधा एकच असतो, आणि परीक्षेचे वर्षही एकच. तिच्या हातातील पाटीची किल्ली दूरच्या कंपनीकडे राहणार असेल, तर ती किल्ली कधी फिरेल हे तिला आधी कळणे हा तिचा हक्क आहे.