खर्रा आणायला कोण जातं?

यंदाच्या दिवाळीत ताईकडे बोरगावला गेलो होतो. आपल्या मंडळातल्या ज्यांचा तिकडे संबंध नाही त्यांच्यासाठी सांगतो. नागपूरहून छिंदवाड्याकडे निघालं की सीमा ओलांडल्यावर, सौंसरच्या अलीकडे हे गाव लागतं. रस्त्यालगत कारखाने, आजूबाजूला संत्र्याच्या बागा आणि कपाशी. 2023 मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला आणि हा सगळा भाग त्यात आला. सरकारी पाट्या हिंदीत, घरातलं बोलणं मात्र मराठी.

दुपारची जेवणं झाली आणि भाऊजींनी पोराला हाक मारली, "जा बे, दोन खर्रे घेऊन ये." भाचा अकरा वर्षांचा, सहावीत. पैसे मुठीत धरून पळाला आणि पाच मिनिटांत पन्नीच्या दोन पुड्या घेऊन परत आला.

मी त्याला बाजूला घेऊन विचारलं, "तू खातोस का रे?"

"नाही मामा. मी फक्त आणतो."

मला हसू आलं आणि लगेच गेलंही. त्याच्या वयाचा असताना मीही काकांसाठी खर्रा आणायचो आणि विचारलं तर हेच उत्तर द्यायचो. ते खरंही होतं. मग एके दिवशी वाटेत पुडी उघडून चिमूटभर तोंडात टाकला. गरगरलं, ओकारी आली, पण चार दिवसांनी पुन्हा उघडली. ती सवय सुटायला मला चौदा वर्षं लागली.

शाळेत तंबाखूविरोधी दिन साजरा होतो, प्रतिज्ञा होते, चित्रं काढली जातात. (हा दिवस 31 मे रोजी येतो. आपल्याकडे तेव्हा शाळांना उन्हाळ्याची सुट्टी असते, हा भाग वेगळा.) पण तंबाखू मुलाच्या हातात पहिल्यांदा कुठून येते, हे कुणी विचारत नाही. 2019 च्या जागतिक युवक तंबाखू सर्वेक्षणात भारतातल्या 13 ते 15 वयाच्या शाळकरी मुलांपैकी 8.5 टक्के मुलं तंबाखूचा कुठला ना कुठला प्रकार वापरत असल्याचं आढळलं. चघळायची तंबाखू घेणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक मुलांनी सुरुवात दहावा वाढदिवस येण्याआधीच केली होती. दहा वर्षांचं पोर हौसेनं ठेल्यावर उभं राहत नाही. त्याला कुणीतरी पाठवलेलं असतं.

त्यात आपला खर्रा. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीवर घ्यायचा आणि घोट घोट घोटायचा. आता तर घोटायला मशीनही आलंय. सिगारेटच्या पाकिटावर 85 टक्के जागा व्यापणारं भयंकर चित्र असतं. घोटून दिलेल्या खर्र्याच्या पन्नीवर काहीच नसतं. मध्य प्रदेशानं 1 एप्रिल 2012 पासून गुटख्यावर बंदी घातली, त्याच वर्षी महाराष्ट्रानंही घातली. मग पानमसाल्याची एक आणि तंबाखूची दुसरी अशा दोन पुड्या आल्या. खर्रा तर ठेल्यावर समोरच तयार होतो.

"सुपारीच जास्त असते, तंबाखू नावाला," असं भाऊजी म्हणाले. हे सगळेच म्हणतात. पण सुपारी स्वतःच कर्करोगकारक आहे. तिच्यामुळे गालाची आतली कातडी कडक होत जाते आणि तोंड उघडेनासं होतं. एक सोपी परीक्षा आहे. आपली तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात घालून बघा. निरोगी तोंडात ती सहज जातात. भाऊजींची दोनच गेली. ताई काही बोलली नाही, ताटं उचलून आत गेली.

संध्याकाळी मी ठेल्यावर गेलो. रस्त्यातच एक शाळा आहे, तिच्या फाटकापासून पावलं मोजत गेलो. 2003 च्या कायद्यानुसार शाळेपासून 100 यार्डांच्या आत, म्हणजे साधारण 91 मीटरच्या आत, तंबाखू विकता येत नाही. साठ पावलांतच ठेला आला. अठरा वर्षांखालच्याला विकणं गुन्हा आहे, ही पाटी ठेल्यावर नव्हती. हा कायदा मोडल्याचा दंड फार तर 200 रुपये. 2015 च्या बालन्याय कायद्यात मात्र मुलाला तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. हे ऐकून ठेलेवाला घाबरला नाही, चिडलाही नाही. म्हणाला, "साहेब, पोरगा तुमच्याच घरचा आहे. बापानं पाठवलं, मी नाही कसं म्हणू? मी नाही म्हटलं तर ते दुसरीकडून आणतील, वर माझ्याशी बोलणं सोडतील."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

शाळांनी काय करायचं हे केंद्राच्या 2019 च्या मार्गदर्शक सूचनांत लिहिलेलं आहे. फलक लावायचा, तंबाखूवर लक्ष ठेवणारे नेमायचे, दर सहा महिन्यांनी किमान एक उपक्रम घ्यायचा, भिंतीपासून 100 यार्डांची हद्द आखायची. हे सगळं व्हायलाच हवं. पण ती रेषा ओलांडून ठेल्यापर्यंत पोराला पाठवतं कोण, तर घर. गडचिरोलीत 2016 पासून 'मुक्तिपथ'चं काम चालू आहे. डॉ. अभय बंग यांची 'सर्च' संस्था, राज्य सरकार आणि टाटा ट्रस्ट यांनी मिळून ते सुरू केलं. तिथे शाळेबरोबर गावालाही हाताशी धरलं. गावोगावी संघटना उभ्या केल्या, त्यात बाया पुढे आल्या, आणि गावात दारू-तंबाखूची विक्री नको असं गावानंच ठरवायचं, अशी रीत घातली. गाव नको म्हणत असेल तर ठेलेवाल्याला एकट्याला वाईटपणा घ्यावा लागत नाही. आमच्या ठेलेवाल्याची अडचण नेमकी हीच होती.

निघायच्या आदल्या रात्री मी भाऊजींना खर्रा सोडा म्हटलं नाही. मला स्वतःला किती वेळा सोडावा लागला ते माहीत आहे. एवढंच म्हटलं, "भाऊजी, हवा तेव्हा तुम्ही स्वतः जा. पोराला पाठवू नका."

"तेवढं काय, जातो की," म्हणाले. थोडे दुखावले असावेत.

परवा ताईचा फोन आला. भाऊजींचे गुडघे दुखतात, त्यामुळे रात्री जेवणानंतरचा खर्रा आपोआप बंद झालाय. दिवसाचे चालूच आहेत. भाच्यानं ठेल्यावर जाऊन सांगून ठेवलंय म्हणे, "काका, मी आलो तरी देऊ नका, माझे मामा भांडतात."