साबणदाणीतला लगदा

ओल्या साबणदाणीत रात्रभर राहिलेल्या वडीच्या बुडाला बुळबुळीत लगदा साचतो. तो दोन बोटांत घोळवून पाहा. पाण्यासारखा ओघळत नाही आणि वडीसारखा तुटतही नाही. त्यातले रेणू विद्युतभारित आहेत आणि शिस्तीत रचलेलेही. हा आयनिक द्रवस्फटिक.

साबणाच्या रेणूचं डोकं ऋणभारित, शेजारी धनभारित सोडियम, मागे कार्बनची लांब शेपटी. डोक्याला पाणी हवं, शेपटीला नको. म्हणून शेपट्या आत दडतात, डोकी पाण्याकडे येतात आणि चपातीच्या पापुद्र्यांसारखे थर बनतात. ते एकमेकांवरून सरकतात, तीच बुळबुळ. आणखी पाणी घातलं की थर मोडून लांब कांड्या होतात, त्या षटकोनी जुडीत बसतात आणि मिश्रण पातळ व्हायचं सोडून उलट घट्ट होतं! साबण शिजवणारे या अवस्थेला जपून असतात, कारण तेव्हा तो ढवळतही नाही.

शेपटीची लांबी हाताला कळते. खोबरेलाच्या साबणात १२ कार्बनची शेपटी भरपूर, म्हणून थंड पाण्यातही फेस लगेच येतो. स्टिअरिक आम्लाच्या १८ कार्बनची वडी टणक, विरघळायला चिवट. ओलेइक आम्लातही १८च कार्बन, पण मधल्या दुहेरी बंधामुळे शेपटी वाकते, रेणू खेटून बसत नाहीत, साबण मऊ पडतो.

शेपटीइतकाच सोबतचा आयन महत्त्वाचा. प्रयोगशाळेत इमिडाझोलियम या धनभारित आयनाला लांब शेपटी जोडून सोबत क्लोराइड दिलं, तर थर टिकतात. त्या जागी भार पसरलेला मोठा, सैल आयन आणला, की बहुधा साधा द्रव उरतो. बॅटरीत आयनांना थरांमधून वाट देता येईल का, यासाठी हा अभ्यास चालतो.

सोबतचा आयन बदलला की काय होतं, हे पाहायला जयसिंगपुरात प्रयोगशाळेत जायला नको. हे गाव ज्या तालुक्यात आहे, तो शिरोळ तालुका क्षारपड जमिनींसाठी ओळखला जातो. बोअरचं पाणी जड असलं, की साबण कितीही घासा, फेस येत नाही आणि बादलीच्या कडेला पांढरट साय चिकटते. पाण्यातला कॅल्शियम सोडियमला हटवतो. त्याच्यावर दोन धनभार, म्हणून तो साबणाचे दोन रेणू धरून ठेवतो. पाणी त्यांच्यात शिरत नाही, थर उमलत नाहीत. शेपटी तीच, डोकं तेच, फक्त जोडीदार बदलला.

म्हणूनच जुन्या बायका कपडे भिजवण्याआधी पाण्यात मूठभर धुण्याचा सोडा टाकत. कॅल्शियम सोड्याबरोबर तळाशी बसतो आणि साबणाला त्याचा सोडियम राहतो.