औषधनिर्माणशाळेत आदेशाची एकता

फ्रान्समधील खाण-अभियंते हेन्री फेयॉल यांनी १९१६ मध्ये व्यवस्थापनाची १४ तत्त्वे मांडली. त्यांपैकी ‘आदेशाची एकता’ हे तत्त्व आपल्या औषधनिर्माणशाळांस विशेष उपयुक्त आहे, असे आम्हांस वाटते. अमेरिकेतील टेलर एका कामगारावर अनेक पर्यवेक्षक नेमावेत असे म्हणत. फेयॉल यांना ते अमान्य होते. अवलेहाचे उदाहरण घेऊ. मालक कढई लवकर उतरविण्यास सांगतो, वैद्य तंतुमत्त्वाची परीक्षा होईपर्यंत थांबवितो. कामगाराने कोणाचे ऐकावे? पाक कच्चा राहिल्यास बुरशी येते आणि दोष मात्र कोणाचाच ठरत नाही. चरकाचार्यांनी चिकित्सेच्या चतुष्पादांत वैद्यास प्रधान मानले आहे. त्याच न्यायाने पाकाचा अंतिम निर्णय वैद्याचा असावा आणि मालकाने आपली सूचना त्याच्यामार्फतच द्यावी.